आबा, मुंबईत अजून काय बघू?

राम राम मंडळी. मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की मुंबई म्हणजे काय फक्त गेटवे आणि जुहू नव्हे, आणि झालं, टपालाचा गठ्ठाच येऊन पडला. त्यातले पाच-सहा प्रश्न घेतो, बाकीच्यांनी रागवू नका.

नवीन वाचकांसाठी सांगतो, मी भुसावळचा, रेल्वेत टीसी होतो, आता रिटायर. लिंक (म्हणजे आमचा ड्यूटीचा तक्ता) लागेल तशी गाडी घेऊन मुंबईला जायचं, साइन ऑफ करायचं, रेस्ट रूममध्ये पडायचं, परतीची गाडी संध्याकाळी नाहीतर रात्री. बाकीचे स्टाफवाले झोपायचे किंवा पत्ते कुटायचे, मला दिवसा झोप लागत नाही ही जुनी खोड, मग मी आपला चपला घालून निघायचो. मुंबई मी अशी पाहिली, चार-चार तासांच्या तुकड्यांनी, वडापाव खात खात. त्यामुळे मी काही गाइड नाही, जे पायाखालून गेलंय तेवढंच सांगतो.

प्रश्न : आबा, दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडे डोंबिवलीला जातोय, तीन दिवस. दोन मुलं, एक सातवीत एक चौथीत. गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट, हाजीअली, जुहू सगळं दोन-दोनदा झालंय. मिस्टर म्हणतात मुंबईत आता बघायचं उरलंच काय, मॉलमध्ये जाऊ. मॉलमध्ये जायला एवढ्या लांब कशाला जायचं?
— एक गृहिणी, पाचोरा

आबा : ताई, मिस्टरांना एक विचारा, सीएसएमटी स्टेशन त्यांनी पाहिलंय का. ते म्हणतील हो, पन्नास वेळा. मग विचारा घड्याळाच्या खाली जो मोठा कोनाडा आहे त्यात कोणाचा पुतळा आहे. कोणाचाच नाही, रिकामा आहे, पूर्वी तिथे राणी व्हिक्टोरिया होती, स्वातंत्र्यानंतर काढली. मी स्वतः नोकरीची पहिली सात-आठ वर्षं त्या बिल्डिंगच्या पोटातून ये-जा केली आणि एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. एकदा गाडी चार तास लेट निघणार होती, बाहेर फुटपाथवर चहा घेऊन उभा होतो, आणि समोर दिसलं की दगडात माकडं आहेत, मोर आहेत, घुबड आहे, खारी आहेत, पाणी जायच्या पन्हाळीला जनावरांची तोंडं आहेत. चहा गार झाला माझा.

तर तुमचा पहिला दिवस तिथेच. डोंबिवलीहून लोकलने उतरलात की उपनगरी तिकिटाच्या हॉलमध्ये थांबा, तिकीट काढायचं नसलं तरी. त्याला स्टार चेंबर म्हणतात, छताला निळ्यावर सोनेरी चांदण्या काढल्यात, आणि खाली माणसं सुट्ट्या पैशांवरून भांडत असतात. नंतर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहायचं. गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह एकीकडे वाघ, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल आणि एका हातात चाक, ती प्रगतीची मूर्ती. १८७८ ला काम सुरू केलं, दहा वर्षं चाललं, स्टीव्हन्स नावाच्या साहेबाचा नकाशा, आणि नक्षीकामात जेजे स्कूलच्या पोरांचा हात आहे. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या डायरेक्टरांचे चेहरे कोरलेत, गोऱ्या साहेबांच्या रांगेत आपले जगन्नाथ शंकरशेट पण आहेत. मुलांना सांगा, जो जास्त जनावरं शोधेल त्याला कुल्फी. एक तास सहज जातो, तिकीट शून्य.

मग डी. एन. रोडने फोर्टात शिरा, चालतच. गर्दी वाटली तर मधल्या गल्ल्या धरा. हॉर्निमन सर्कलची बाग येईल, तिथे सावलीत बसा आणि डबा खा (डबा घेऊन जा ताई, कळण्याची भाकरी आणि ठेचा मुंबईत कोणी देत नाही). आता ही जागा आपल्या लोकांनी का पाहावी ते सांगतो. इथे पूर्वी मोठं मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन म्हणायचे, आणि त्या मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. मग बाजार कुलाब्याला नेला, पुढे तिथूनही हलवून शिवडीकडे नेला, तिथल्या स्टेशनचं नावच कॉटन ग्रीन पडलं. म्हणजे हार्बर लाइनवर जे कॉटन ग्रीन लागतं त्यातलं ‘ग्रीन’ हे इथलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा इकडच्या कापसाला असा भाव आला की मुंबईत रात्रीतून शेठ झाले आणि लढाई संपल्यावर रात्रीतून बुडाले. त्या कापसात आपल्या खान्देशचाही होता. तुमच्या पाचोऱ्याच्या पोरांना हे सांगून बघा, मग ती बाग नुसती बाग राहत नाही. समोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल आहे, १८३३ चा, पांढरे खांब, तीस पायऱ्या. पिक्चरमध्ये शंभर वेळा पाहिला असेल. पायऱ्यांवर बसायला कोणी पैसे मागत नाही.

मुलगा सातवीत आहे ना, मग तिथून जवळच फिरोजशाह मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे. फार मोठं नाही. जुन्या नाण्यांपासून नोटांपर्यंत सगळं मांडलंय, एसी आहे, दुपारच्या उन्हात तेवढंच बरं. पण सोमवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद, आणि दिवाळीत नक्की कधी उघडं ते आधी फोन करून विचारा. एका म्युझियमच्या दारातून (नाव नाही घेत) मी तीन वेळा परत आलोय, एकदा सोमवार होता, एकदा रंगकाम होतं आणि तिसऱ्यांदा किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या बुटालाच जा. हसू नका. दोनदा जाऊन आलात म्हणता, पण तिथून उतरत गेलं की पंधरा-वीस मिनिटांवर वाळकेश्वर आणि बाणगंगा, तिथे गेलात का? बहुतेक नाही, कारण टॅक्सीवाला बुटापाशी थांबतो आणि हँगिंग गार्डन करून परत फिरवतो. मोठमोठ्या बिल्डिंगांच्या मधून एक गल्ली खाली जाते आणि एकदम तुम्ही नाशिक-त्र्यंबकला आल्यासारखं होतं. दगडी पायऱ्यांचं लांबरुंद तळं, दीपमाळा, चारी बाजूंनी देवळं, काठावर कोणीतरी दशक्रिया करतंय, पोरं पाण्यात सूर मारतायत, बदकं पोहतायत. रामाला तहान लागली म्हणून लक्ष्मणाने बाण मारून पाणी काढलं अशी कथा सांगतात. तळ्याचा मूळ इतिहास शिलाहार राजांच्या काळापर्यंत जातो. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. हाकेच्या अंतरावर खारा समुद्र आहे आणि हे पाणी गोड, खालून झरा आहे त्याला. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं आपण, आपल्याला गोड्या पाण्याचं कौतुक जास्त.

तिसऱ्या दिवशी काही करू नका. नणंदेशी गप्पा मारा, मुलांना झोपू द्या. आणि हो, रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक बघून निघा, इतर दिवशी सकाळी साडेदहाच्या आधी डोंबिवलीहून मुलं घेऊन फास्ट लोकलला चढायचं नाही म्हणजे नाही. हे टीसी म्हणून सांगतोय.

प्रश्न : आबा, विचारू की नको असं झालंय. आजोबांची ट्रीटमेंट परळच्या एका हॉस्पिटलमध्ये चालू आहे, दीड महिना राहावं लागणार. मी सोबत आहे. दुपारी भाऊ येतो तेव्हा मला दोन-तीन तास मिळतात, पण मी खोलीत नुसती छताकडे बघत बसते. अशा वेळी फिरायला जायचं म्हणजे लोक काय म्हणतील?
— कॉलेजची विद्यार्थिनी, शिरपूर

आबा : अगं माय, लोक काही म्हणत नाहीत, लोकांना वेळ नाही. आणि तू आजारी पडलीस तर आजोबांकडे कोण बघेल? माझ्या बायकोच्या वेळी मी पण परळ भागात तीन आठवडे काढलेत, म्हणून तुला नीट सांगतो. फाइल भावाकडे दे, मोबाइल चार्ज करून घे, आणि दोन तास बाहेर पड. रोज नको, एक दिवसाआड.

पहिलं ठिकाण भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम, राणीच्या बागेला लागूनच. परळहून बस आहे, टॅक्सीने गेलीस तरी फार होत नाही. मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम हे, १८७२ ला उघडलं. लोक पेंग्विनच्या रांगेत दोन तास उभे राहतात आणि शेजारच्या या दारात कोणी शिरत नाही, मला याचं फार वाईट वाटतं. आत गेल्यावर पहिल्यांदा काही बघूच नको, नुसती मधे उभी राहा. हिरव्या रंगाचं, सोनेरी नक्षीचं छत आणि लोखंडी खांब. मग वरच्या मजल्यावर जा, तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत, कोण कोणती पगडी घालायचं, कोण काय धंदा करायचं ते सगळं बोटभर मूर्तीत. मी एका पगडीवाल्यापाशी अर्धा तास उभा होतो, माझ्या आजोबांसारखा दिसायचा. बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, तो मूळचा घारापुरीचा, ज्याच्यामुळे त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं. त्याला पुढे इंग्लंडला न्यायचा बेत होता, उचलताना तुटला, म्हणून राहिला आपल्याकडे. लोक लाँचचं तिकीट काढून एलिफंटाला जातात आणि हत्ती इकडे भायखळ्याला उभा. बुधवारी बंद असतं, आणि मधे दुरुस्तीलाही बंद होतं, तर निघायच्या आधी विचारून घे.

दुसरं, परळमध्येच बीआयटी चाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ इथे राहिले, दुसऱ्या मजल्यावरच्या पन्नास आणि एकावन्न नंबरच्या खोल्या. एवढा मोठा माणूस, इतकी वर्षं, आणि केवढ्याशा त्या खोल्या. तिथे माणसं राहतात, म्हणून आवाज न करता जायचं, कोणाच्या दारात फोटो काढायचे नाहीत. मी गेलो तेव्हा जिन्यात एका आजींनी विचारलं कुठून आले, भुसावळ म्हटल्यावर पाणी आणून दिलं.

तिसरं शिवडीचा किल्ला. छोटासा आहे, टेकाडावर, १६८० सालचा, वरून खाडीचा चिखल दिसतो आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत नशीब असेल तर फ्लेमिंगो. आता तिथून अटल सेतू गेलाय, पक्षी पूर्वीइतके राहिले नाहीत असं तिथले लोकही सांगतात, पण दिसतात. युक्ती एकच, भरतीचं टाइमटेबल मोबाइलवर बघायचं. पूर्ण ओहोटीला ते लांब चिखलात असतात, गुलाबी ठिपके नुसते, आणि भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत काठाकडे आणतं. तेव्हा जायचं. एकटी मात्र जाऊ नको, तो भाग गोदामांचा आणि ट्रकांचा आहे, भावाला नाहीतर शेजारच्या पेशंटच्या कोणाला तरी घेऊन जा, तेही उजेडात. हॉस्पिटलच्या आवारात आपल्याकडची पाच-पन्नास माणसं असतील बघ, चोपडा, यावल, तळोदा, सगळीकडची. संध्याकाळी अहिराणी कानावर पडली की ओळख काढायची. मला तिथेच एका माणसाने डबा पोचवणारी संस्था सांगितली, फिरायची ठिकाणंही त्यानेच सांगितली.

आजोबांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न : इन्स्टावर ‘मुंबईतले हिडन जेम्स’ अशा रील्स येतात त्या खऱ्या असतात का?
— जळगाव

आबा : जागा खऱ्या असतात, वेळ खोटी असते. सकाळी सहाला शूट केलेलं असतं आणि तुम्ही जाता रविवारी संध्याकाळी पाचला. ज्या रीलला दहा लाख लोकांनी पाहिलं ती जागा हिडन कशी राहील भो? रील बघून जायचं तर जा, पण तिथे पोचल्यावर मोबाइल खिशात टाका आणि समोरच्या पानवाल्याला विचारा, इथे अजून काय आहे. त्याला माहीत असतं, आणि तो लाइक मागत नाही.

प्रश्न : आम्ही नववीच्या पन्नास मुलांची सहल मुंबईला काढतोय. दरवर्षी वॉटरपार्क होतो, या वेळी काहीतरी शिकण्यासारखं हवं. मी भूगोल शिकवतो.
— शिक्षक, साक्री तालुका

आबा : सर, भूगोल शिकवता म्हटल्यावर मला तर आनंदच झाला, कारण मुंबईत एक जागा आहे ती तुमच्यासाठीच आहे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल. झोपडपट्टी आणि बिल्डिंगांच्या मधोमध एकदम दोनशे फुटांचा काळा सुळका उभा, जवळ जाऊन पाहिलं की कळतं हा एकसंध दगड नाही, पेन्सिली उभ्या बांधून ठेवाव्यात तसे दगडाचे खांब आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला अशा उभ्या भेगा पडतात. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. अमेरिकेत डेव्हिल्स टॉवर म्हणून असाच एक आहे, तिकडे लोक विमानाने जातात, इथे रिक्षाने. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या आहेत.

आता गंमत अशी की तुमची मुलं हाच लाव्हा रोज बघतात. साक्रीहून नंदुरबारकडे जाताना माळावर काळ्या दगडाच्या सरळ भिंती दिसतात, कोणी बांधल्यासारख्या, कुठे डोंगराच्या पाठीवर कंगव्यासारख्या. जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर आला, तिथेच घट्ट झाला, आजूबाजूची माती-मुरूम झिजून गेला आणि ही भिंत उरली. डाइक म्हणतात ना तुम्ही? धुळे-नंदुरबारच्या या डाइकांवर भूगर्भशास्त्रवाल्यांनी भरपूर काम केलंय. तर सहलीच्या आधी मुलांना एक दिवस गावाजवळची भिंत दाखवा, हातात तुकडा द्या, मग गिल्बर्ट हिलला न्या. पन्नास मुलं एकदम वर चढवू नका, जिना अरुंद आहे, पंचवीस-पंचवीसचे दोन गट करा, आणि बस मेन रोडलाच थांबवावी लागेल.

दुसरा अर्धा दिवस कान्हेरी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये आहे, गेटपासून पाच-सहा किलोमीटर आत. सोमवारी बंद. शंभरावर गुंफा आहेत, १०९ मोजतात. अजिंठा आपल्याला घरचा, म्हणून मुलं म्हणतील चित्रं कुठायत. चित्रं शोधूच नका, पाणी शोधा. जवळजवळ प्रत्येक गुंफेच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं आहे, आणि डोंगरमाथ्यावरून कोरलेले पन्हाळ पावसाचं पाणी त्या टाक्यांत आणून सोडतात. शिलालेखात या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वी रेन वॉटर हार्वेस्टिंग. आपण आता सरकारी अनुदानातून करतोय, ते पण कागदावर. मुलांना एका टाक्यापासून उलटं वर चढत जायला सांगा, पाणी कुठून आलं ते शोधत. धडा पुस्तकात शिकवायची गरज राहणार नाही.

आणि नव्वद नंबरच्या गुंफेत भिंतीवर पहलवी म्हणजे जुन्या इराणी लिपीत काही नावं कोरलेली आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ ला पारशी मंडळी बघायला आली होती, त्यांनी आपली नावं आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे सहलीला जाऊन भिंतीवर नाव लिहायची खोड हजार वर्षं जुनी आहे. त्यांचा आज अभ्यास होतो, पण तुमच्या मुलांच्या हातातून कंपासपेटी आधीच काढून घ्या. जेवणाचे डबे पण बसमध्येच ठेवा, तिथली माकडं झिप उघडतात, मी डोळ्याने पाहिलंय.

प्रश्न : आबा, मुंबईनं जाऊ द्या. आमना धुयामा देखासारखं काय शे? पाव्हना उनात का त्यासले कोठे लई जावो?
— एक धुळेकर

आबा : शे ना भाऊ, भलतं शे. तुमनाच पाहाले टाइम नही.

धुळ्याचा माणूस पाहुण्याला शेवभाजी खाऊ घालतो आणि बायपासवरून परत पाठवतो, ही माझी जुनी तक्रार आहे. अरे, तुमच्या गावात इतिहासाचार्य राजवाडे येऊन राहिले, १९२६ ला तिथेच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ अजून आहे. आत जुनी कागदपत्रं, मूर्ती, शिलालेख. मी गेलो तेव्हा मी आणि एक पुण्याहून आलेला पीएचडीवाला, एवढे दोघंच. धुळ्याचा एक माणूस नाही. दुसरं समर्थ वाग्देवता मंदिर. नाव मंदिर आहे पण देव म्हणजे पोथ्या. नानासाहेब देवांनी गावोगावच्या मठांतून समर्थ संप्रदायाची बाडं गोळा केली, आयुष्य घातलं त्यात. स्वतः रामदासांच्या हातचं म्हणून वाल्मीकि रामायण तिथे जपून ठेवलंय. काळी शाई, ठसठशीत अक्षर, ओळ कुठे वरखाली नाही. पाहुण्याला ते दाखवा. आधी फोन करा, चप्पल बाहेर, आणि पानाला हात लावू का असं विचारू नका.

तिसरं तर आत जाऊन बघता येणार नाही, पण रस्त्यावरून जाताना पाहुण्याला बोट करून दाखवा, धुळ्याचं जेल. १९३२ ला विनोबा तिथे कैदेत होते, दर रविवारी कैद्यांना गीता सांगायचे, आणि साने गुरुजी, तेही कैदीच, भराभर लिहून घ्यायचे. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक अख्ख्या देशात गेलं, ते तुमच्या जेलच्या भिंतीआड बोललं गेलं. घरात पुस्तक असेल कपाटात, उघडून बघा.

पावसाळा असेल तर लळिंग. किल्ला वर, हायवे खाली, आणि कुरणात लांडोर बंगला, जिथे १९३७ ला बाबासाहेब मुक्कामी होते. ३१ जुलैला तिथे दरवर्षी लोक जमतात. एवढ्यात पाहुण्याचा एक दिवस भरला की नाही? शेवभाजी रात्री.

प्रश्न : धुळ्याच्या गाडीसाठी चाळीसगावला तीन तास पडून राहावं लागतं. वेटिंग रूममध्ये मच्छर चावतात. काही उपाय?
— नेहमीचा प्रवासी

आबा : मच्छरांवर माझ्याकडे उपाय नाही, तीन तासांवर आहे. स्टेशनच्या बाहेर पडा आणि केकी मूस यांचं घर विचारा, जवळच आहे, रिक्षावाल्यांना माहीत असतं.

पारशी माणूस, १९१२ चा जन्म, विलायतेला जाऊन कला शिकून आला आणि चाळीसगावच्या त्या दगडी बंगल्यात जो शिरला तो जवळजवळ पन्नास वर्षं बाहेरच पडला नाही म्हणा ना. आत बसून फोटो काढायचा. टेबलावर कापूस, काचा, वाळक्या काड्या, पीठ असलं काहीबाही मांडून असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला वाटावं हिमालयातला बर्फ आहे. त्याला टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात, त्यात जगभरची बक्षिसं त्याला मिळाली. चित्रं आहेत, लाकडातलं, कागदातलं, मातीतलं काम आहे, सतार वाजवायचा. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेला. घर तसंच ठेवलंय, आता म्युझियम आहे. खुर्ची, कॅमेरा, पुस्तकं सगळं जागच्या जागी.

चाळीसगावचे लोक सांगतात की त्याची एक मैत्रीण मुंबईला होती, येईन म्हणाली होती पंजाब मेलने. म्हणून रोज रात्री मेल यायच्या वेळी तो घराची दारं-खिडक्या उघडायचा, दिवा लावायचा, दोघांचं ताट वाढायचा, आणि गाडी निघून गेली की सगळं बंद करायचा. खरं किती, लोकांनी वाढवलं किती, मी काही त्या ताटावर जेवलो नाही. पण पंजाब मेलवर मी बऱ्याच ड्यूट्या केल्यात. हे ऐकल्यानंतर चाळीसगाव आलं की चार्ट काखेत धरून मी दारात उभा राहायचो आणि उतरणाऱ्यांत कोणी एकटी बाई आहे का बघायचो. तो माणूस जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

तुमची गाडी लागायच्या अर्धा तास आधी मात्र स्टेशनवर परत या, प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलतात.